संवर्धनासाठी नकाशे वाटताना: काय उघडे ठेवावे, काय झाकावे आणि एकत्र काम कसे करावे

दक्षिण चीनमध्ये आढळणाऱ्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रथेप्रमाणे ती कोठे सापडली हेही त्यात छापले गेले. हौशी पाळणाऱ्यांच्या बाजारात तिला चढा भाव मिळू लागला, पकडणारे नेमके त्या जागी पोहोचले, आणि काही वर्षांतच ज्या ठिकाणावरून तिची जगाला ओळख झाली होती तेथूनच ती नाहीशी झाली. संवर्धनाच्या नकाशांविषयी लिहिताना हे उदाहरण आधी सांगावेसे वाटते. मात्र त्यावरून सगळेच कुलूपबंद ठेवावे असा निष्कर्ष काढणेही तितकेच घातक आहे. ज्या घरट्यांची माहिती एखाद्या अभ्यासकाच्या लॅपटॉपमध्येच राहते, ती रस्त्याची किंवा वीजवाहिनीची आखणी करणाऱ्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या घरट्यांसाठी कोणी आखणी बदलत नाही. त्यामुळे माहिती वाटावी की वाटू नये, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. कोणता थर (नकाशातील एका प्रकारच्या माहितीचा संच), कोणाला आणि किती बारकाव्याने दाखवायचा, हे ठरवावे लागते, आणि ते लिंक तयार करण्याच्या आधी, शक्यतो पहिली नोंद घेण्याच्याही आधी ठरवलेले बरे.

आधी थर वेगळे करावेत

समजा, चौघांचा एक गट एका जंगलात मोठ्या शिकारी पक्ष्यांची घरटी, पाणवठे, वणव्याने जळालेले पट्टे आणि गस्तीच्या वाटा नोंदवत आहे. हे सारे एकाच फाइलमध्ये ठेवून ती सर्वांना देणे सोपे वाटते, पण या चार गोष्टींचे धोके वेगवेगळे आहेत. जळालेले पट्टे उपग्रहचित्रांत कोणालाही दिसतात. लँडसॅटची चित्रे २००८ पासून मोफत खुली आहेत आणि सेंटिनेल-२ ची १० मीटर बारकाव्याची चित्रेही कोणालाही मिळतात, त्यामुळे हा थर लपवण्यात काही अर्थ नाही. घरटी सहकारी संस्थांना अचूक आणि इतरांना ढोबळ स्वरूपात द्यावीत. पाणवठ्यांचा निर्णय तेथे शिकारीचा धोका किती आहे यावर अवलंबून राहील. गस्तीच्या वाटा मात्र बाहेर जाता कामा नयेत, कारण कोठे कोणी जात नाही हे त्यांतून नेमके कळते. व्यायामाच्या एका अ‍ॅपने वापरकर्त्यांच्या वाटा एकत्र करून प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर २०१८ च्या जानेवारीत दुर्गम लष्करी तळांची रूपरेषा उमटलेली दिसली होती. वाटांच्या रेषा एकत्र केल्या की त्या किती बोलतात, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

म्हणून प्रत्येक थराची स्वतंत्र फाइल किंवा स्वतंत्र तक्ता करावा आणि प्रत्येकापुढे सार्वजनिक, भागीदारांपुरता किंवा अंतर्गत यांपैकी एक शब्द लिहावा. हे वर्गीकरण गटातील एकाने न करता सर्वांनी बसून करावे. क्षेत्रात फिरणाऱ्याला जे धोके ठाऊक असतात, ते संगणकासमोर बसणाऱ्याला सहसा ठाऊक नसतात.

एक नोंद कशी असावी

एकत्र काम बिघडते ते बहुधा तक्त्याच्या रचनेत. एखाद्याने ‘गरुड’ लिहायचे, दुसऱ्याने ‘गरूड’, तिसऱ्याने शास्त्रीय नाव लिहायचे आणि चौथ्याने रकाना रिकामा ठेवायचा, असे महिनाभर चालले की नंतर ते निस्तरण्यात दुसरा महिना जातो. त्यामुळे जेथे शक्य असेल तेथे मोकळा मजकूर न ठेवता निवडीची यादी द्यावी. प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा क्रमांक असावा आणि तो ओळीचा अनुक्रमांक नसावा. दोघांनी इंटरनेटची जोडणी नसलेल्या ठिकाणी वेगवेगळ्या फोनवर नोंदी केल्या तर दोघांकडेही ‘१७’ क्रमांकाची ओळ तयार होते आणि फाइली एकत्र करताना एक ओळ दुसरीला पुसून टाकते. नोंदीच्या वेळीच आपोआप तयार होणारा लांबलचक यूयूआयडी (दुसऱ्या कोणत्याही नोंदीला न मिळणारा संकेतांक) दिसायला ओबडधोबड असला तरी तोच वापरावा.

याशिवाय दिनांक, निरीक्षकाचा संकेत, स्थान मिळवण्याची पद्धत आणि स्थानाची अनिश्चितता मीटरमध्ये, एवढे रकाने अनिवार्य ठेवावेत. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तोच पुढे सर्वांत जास्त लागतो. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत स्थान देते, दाट झाडीत किंवा घळीत ही चूक बरीच वाढते, आणि जुन्या वहीतून उतरवलेल्या ‘नाल्याच्या वरच्या अंगाला’ अशा नोंदीची अनिश्चितता किलोमीटरमध्येही असू शकते. तिन्ही बिंदू नकाशावर सारखेच ठळक दिसतात. फरक केवळ या रकान्यात उरतो. जैवविविधतेच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोअर या मानकात याच कामासाठी ‘कोऑर्डिनेट अनसर्टन्टी इन मीटर्स’ असा रकाना आहे. रकान्यांची नावे सुरुवातीपासूनच या मानकातून घेतली तर पुढे जीबीआयएफसारख्या जागतिक संग्रहाला माहिती देताना काहीही नव्याने जुळवावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट: जेथे शोधले पण सापडले नाही, तेही नोंदवावे. नकाशावरील कोरी जागा म्हणजे तेथे प्राणी नाही, की तेथे कोणी गेलेच नाही, हे कोऱ्या जागेवरून कळत नाही. कोणत्या वाटेने, किती वेळ, कोणत्या तारखेला शोध घेतला याचा वेगळा थर ठेवणे कंटाळवाणे असते. तरी पाच वर्षांनी ‘संख्या घटली का’ असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर याच थरातून मिळते.

अक्षांश, रेखांश आणि दशांशस्थळे

गटाने एकच संदर्भप्रणाली (स्थाने कोणत्या आधारावर मोजायची याची पद्धत) ठरवावी आणि ती लिहून ठेवावी. देवाणघेवाणीसाठी जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस ८४ वरील दशांश अंश, म्हणजेच ईपीएसजी या संदर्भप्रणालींच्या यादीतील क्रमांक ४३२६, हा बिनधोक पर्याय आहे. जुन्या छापील नकाशांवरून घेतलेली स्थाने वेगळ्या आधारावर असतात आणि तो फरक न ओळखता ती मिसळली तर सगळे बिंदू शेकडो मीटर सरकू शकतात. क्षेत्रफळ मोजायचे असेल तर वेबवरील नकाशांच्या मर्केटर प्रक्षेपावर (प्रक्षेप म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याची रीत), ईपीएसजी ३८५७ वर, थेट मोजू नये: त्यावर ३० अंश अक्षांशाशी क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने जास्त दिसते आणि ६० अंशांशी चौपट होते. त्यासाठी क्षेत्रफळ न बिघडवणारा समक्षेत्र प्रक्षेप किंवा पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार प्रतिकृतीवर मोजणारी सुविधा वापरावी.

दशांशस्थळांकडे जरा थांबून पाहावे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे पाचवे दशांशस्थळ साधारण एक मीटर दाखवते, तिसरे सुमारे १११ मीटर आणि पहिले सुमारे ११ किलोमीटर. आता जुन्या वहीत ‘२१ अंश २८ मिनिटे’ अशी नोंद आहे असे समजा. एक मिनिट म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर, म्हणजे नोंद करणाऱ्याने तेवढ्याच ढोबळपणे ती केली होती. संगणक मात्र तिचे २१.४६६६६६७ करतो आणि पाहणाऱ्याला वाटते की कोणी सेंटीमीटरपर्यंत मोजून ठेवले आहे. अशा नोंदीतले अनावश्यक आकडे काढावेत आणि अनिश्चितता निदान २००० मीटर लिहावी.

शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जेथे मिळतात ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात आहे. रिकाम्या रकान्यांना संगणकाने शून्य समजल्यामुळे जगातील कितीतरी जंगली प्राणी तेथे पोहत असतात आणि नकाशाकार त्या जागेला गमतीने ‘नल आयलंड’ म्हणतात. नवा थर चढवला की सर्वप्रथम संपूर्ण जगाच्या पातळीवर पाहावे: अशा चुका आणि अक्षांश-रेखांशांची अदलाबदल लगेच डोळ्यांत भरते.

फाइल कोणत्या स्वरूपात द्यावी

शेपफाइल (नकाशाची माहिती साठवण्याचे एक जुने स्वरूप) अजूनही सर्वत्र चालते, पण तिच्या मर्यादा मराठीत काम करणाऱ्याला विशेष जाचतात. पहिली गोष्ट, ती एक फाइल नसून फाइलींचा जुडगा असतो; मी स्वतः एकदा घाईत फक्त एसएचपी ही एकच फाइल पाठवली आणि पलीकडच्या सहकाऱ्याला बिंदूंचे आकार मिळाले, पण त्यांमागची एकही नोंद मिळाली नाही, कारण नोंदी डीबीएफमध्ये आणि संदर्भप्रणाली पीआरजेमध्ये असते. दुसरी गोष्ट, तिच्यातील रकान्याचे नाव १० बाइटांत मावावे लागते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना-मात्राही चिन्हेच असतात; त्यामुळे ‘घरटे’ हा साधा शब्दसुद्धा घ, र, ट आणि मात्रा मिळून १२ बाइटांचा होतो आणि कापला जातो. मजकुराच्या रकान्यातही २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ देवनागरी चिन्हे बसतात. शिवाय सोबत यूटीएफ-८ सांगणारी सीपीजी फाइल नसेल तर मराठी मजकुराच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो.

त्याऐवजी कामाच्या फाइलीसाठी जिओपॅकेज घ्यावे. हे २०१४ पासूनचे खुले मानक आहे, अनेक थर एकाच फाइलीत मावतात आणि मराठी नावे शाबूत राहतात. वेबवर दाखवायच्या छोट्या थरांसाठी जिओजेसन हे मजकुराच्या रूपातील स्वरूप चांगले. त्याच्या २०१६ च्या मानकानुसार स्थाने डब्ल्यूजीएस ८४ मध्येच असतात आणि आधी रेखांश, मग अक्षांश येतो, हे ध्यानात ठेवावे. अभयारण्याच्या हद्दीसारखे मोठे बहुभुज (बंद आकृत्या) वेबवर देण्याआधी सीमेवरचे बिंदू कमी करून हलके करावेत, मात्र प्रत्येक बहुभुज सुटा हलका केला की शेजारच्या दोन हद्दींमध्ये फटी पडतात. सामाईक सीमा सांभाळून हे काम करणारे मॅपशेपर हे साधन ब्राउझरमध्येच चालते.

जिओपॅकेजविषयी एक इशारा: ते आतून एसक्यूलाइट हा डेटाबेस असते आणि त्यात पुसलेल्या ओळी फाइल आकुंचित करेपर्यंत आत उरू शकतात. अचूक घरट्यांचे बिंदू पुसून उरलेली फाइल पाठवण्यापेक्षा, जे द्यायचे आहे तेवढेच नव्या फाइलीत निर्यात करावे.

एकत्र संपादन

सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेली नकाशाची फाइल दोघांनी एकाच वेळी उघडली की ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशी मालिका सुरू होते. हे टाळण्याचा मार्ग गटाच्या आकारावर अवलंबून आहे. चार-पाच जणांच्या गटाला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प तयार करून क्यूफील्ड किंवा मर्जिन मॅप्स या अ‍ॅपमार्फत तो फोनवर नेणे पुरते. जोडणी नसताना नोंदी होतात आणि जोडणी मिळताच केवळ बदल सर्व्हरवर जातात. नकाशापेक्षा प्रश्नावली महत्त्वाची असेल तर ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स सोयीचे, गस्तीच्या नोंदींसाठी स्मार्ट हे साधन त्याच हेतूने बनवलेले आहे, आणि अनेक संस्थांनी एकाच माहितीवर रोज काम करायचे असेल तर पोस्टजीआयएसचा डेटाबेस आणि तो सांभाळणारा एक माणूस यांना पर्याय नाही. नुसता एखादा थर इतरांना दाखवायचा असेल, तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर आधारित यूमॅप पुरे होते. साधन बदलता येते. मात्र माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते का, हे पहिल्याच दिवशी करून पाहावे.

परवानग्या देताना कंजूषपणा करावा. पाहणारे बरेच, भर घालणारे थोडे आणि रचना बदलणारा एक, फार तर दोघे असावेत. क्षेत्रातून आलेली नोंद थेट मुख्य थरात न जाता ‘तपासणी बाकी’ अशा स्थितीत यावी आणि दुसऱ्या कोणीतरी ती पाहिल्यावरच पक्की व्हावी. दुरुस्ती करताना मूळ मूल्य पुसू नये. कोणी, केव्हा आणि का बदलले हे लिहिण्याची एक ओळ पुरे असते. महिन्यातून एकदा तारखेच्या नावाने संपूर्ण प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

झाकणे वाटते तितके सोपे नसते

संवेदनशील स्थाने ढोबळ करताना हमखास होणाऱ्या चुका सांगतो, कारण त्या चांगल्या हेतूने केल्या जातात.

पहिली चूक, प्रत्येक नोंद यादृच्छिक अंतराने सरकवणे. एकाच घरट्याला तीस भेटी दिल्या आणि प्रत्येक वेळी बिंदू वेगळ्या दिशेला सरकवला, तर त्या तीस बिंदूंची सरासरी घरट्याच्या अगदी जवळ येते. सरकवायचेच असेल तर प्रत्येक जागेसाठी एकदाच सरकवावे आणि तेच अंतर कायम वापरावे. दुसरी चूक, बिंदूभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढून ते प्रसिद्ध करणे. वर्तुळाचा मध्य काढायला एक क्लिक पुरते. तिसरी चूक, वेबनकाशावर थर ‘लपवणे’ किंवा तो जवळ गेल्यावर दिसणार नाही अशी मर्यादा घालणे. माहिती ब्राउझरपर्यंत पोहोचलेली असेल तर ती डोळ्यांना दिसली नाही तरी काढून घेता येते. जे सर्व्हरवरून निघालेच नाही, तेच खऱ्या अर्थाने झाकलेले असते.

त्यापेक्षा ठरावीक जाळीचे चौकोन वापरावेत: बिंदू ज्या चौकोनात पडतो तो संपूर्ण चौकोन दाखवावा आणि चौकोनाची बाजू प्रजातीच्या धोक्यानुसार ठरवावी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर झाकलेली नोंद ०.२ अंश बाजूच्या चौकोनात टाकली जाते, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे २२ किलोमीटर. तरीही चौकोन देऊन काम संपत नाही. त्या चौकोनात एकच कडा किंवा एकच तळे असेल तर कड्यावर घरटे करणारा पक्षी कोठे आहे हे सांगावे लागत नाही. त्याच निरीक्षकाने त्याच सकाळी दहा मिनिटांच्या अंतराने नोंदवलेल्या साध्या पक्ष्यांचे बिंदू अचूक असतील, तर त्यांच्यामधली झाकलेली नोंद कोठली असेल हे कोणीही ओळखते. शेरा म्हणून लिहिलेले ‘जुन्या मंदिरामागे’ आणि छायाचित्रात फोनने आपणहून साठवलेले अक्षांश-रेखांश यांनीही सगळी मेहनत वाया जाते. म्हणून ढोबळ केलेला थर प्रसिद्ध करण्याआधी गटाबाहेरच्या एखाद्या जाणकाराला तो देऊन ‘यातून मूळ जागा शोधून दाखव’ असे सांगावे. माझ्या मते इतर सगळ्या तपासण्यांपेक्षा ही एकच जास्त उपयोगी ठरते.

माहिती ढोबळ केली आहे हे मात्र लपवू नये. किती केली, कोणत्या पद्धतीने केली आणि अचूक माहिती कोणाकडे व कोणत्या अटींवर मागता येईल, हे थरासोबत लिहावे. अन्यथा एखादा अभ्यासक चौकोनाच्या मध्याला खरा बिंदू समजून अधिवासाचे प्रारूप तयार करेल आणि ते चुकीचे निघेल.

परवाना आणि संमती

परवाना न लिहिलेली माहिती खुली समजली जात नाही. काळजीपूर्वक काम करणारा ती वापरत नाही आणि बेफिकीर माणूस विचारत नाही. आपल्या सार्वजनिक थरासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय हा परवाना बहुधा योग्य ठरतो, कारण श्रेय देऊन कोणालाही तो वापरता येतो. व्यावसायिक वापरावर बंदी घालण्याचा मोह होतो, पण त्या बंदीमुळे पर्यावरणीय आघाताचा अहवाल तयार करणारी सल्लागार कंपनीही तुमचा थर कायदेशीरपणे वापरू शकत नाही, आणि तेथेच तो दिसायला हवा होता. जीबीआयएफ सीसी झिरो (कोणतीही अट नसलेला), सीसी बाय आणि सीसी बाय-एनसी (व्यावसायिक वापराला बंदी असलेला) हे तीनच परवाने स्वीकारते. उलट दिशेनेही पाहावे: संरक्षित क्षेत्रांची जागतिक माहिती किंवा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीतील प्रजातींच्या विस्ताराचे नकाशे उतरवून घेता येतात, पण ते व्यावसायिक कामासाठी वापरण्यावर आणि पुढे वाटण्यावर अटी आहेत. व्यावसायिक उपग्रहनकाशावरून आखलेली रेषा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरायची असेल तर त्या चित्राचा परवाना तसे करू देतो का, हे आधी तपासावे.

परवाना कायद्याचा भाग झाला. संमती त्याच्या पलीकडे आहे. देवराईची हद्द, मासेमारीच्या जागा, औषधी वनस्पतींची ठिकाणे ही माहिती ज्यांनी दाखवली त्यांची असते, मग जीपीएस कोणाच्याही हातात असो. माहिती सापडण्याजोगी आणि पुन्हा वापरण्याजोगी असावी असे सांगणारी फेअर तत्त्वे २०१६ मध्ये आली, आणि त्यांना पूरक म्हणून मूलनिवासी समाजांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये केअर तत्त्वे मांडली गेली, ज्यांत माहितीवर त्या समाजाचा अधिकार मानला जातो. व्यवहारात याचा अर्थ असा की कागदावर सही घेऊन थांबू नये. तयार झालेला नकाशा परत त्या लोकांसमोर मोठा छापून ठेवावा, कोणती जागा काढायची हे त्यांना बोटाने दाखवू द्यावे, आणि नंतर मत बदलले तर ती जागा काढण्याची सोय ठेवावी.

प्रसिद्ध करण्याच्या दिवशी

सोबतच्या माहितीपत्रकात थर कशाचा आहे, कोणत्या कालखंडातील आहे, कसा गोळा केला, काय गाळले, परवाना कोणता आणि चूक कळवायची तर कोणाला, एवढे एका पानात लिहावे. पत्ता व्यक्तीचा नसून कामाचा असावा, कारण माणसे बदलतात. संशोधनात उल्लेख होणार असेल तर ती आवृत्ती झेनोडोसारख्या संशोधनाच्या माहितीच्या संग्रहात ठेवून तिचा कायमचा क्रमांक घ्यावा.

मग लिंक खासगी विंडोमध्ये, लॉग इन न करता उघडून पाहावी. आपल्याला जे दिसते ते आपण मालक असल्यामुळे दिसत असते. लाल आणि हिरव्या रंगांत फरक न कळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून धोक्याचे आणि सुरक्षित भाग केवळ या दोन रंगांनी दाखवू नयेत. तोच नकाशा साध्या फोनवर, मंद जोडणीवर उघडावा आणि एखाद्या बिंदूवर बोट ठेवून उघडणाऱ्या चौकटीत अंतर्गत शेरे किंवा निरीक्षकाचे नाव तर येत नाही ना, हे पाहावे. शेवटी दिनदर्शिकेत सहा महिन्यांनंतरची एक तारीख टाकावी: त्या दिवशी संपादनाची परवानगी असलेल्यांची यादी उघडायची, गट सोडून गेलेल्यांची नावे काढायची, आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशा सोयीने कोणते थर अजून उघडे राहिले आहेत ते एकेक करून तपासायचे.